पहिल्या वर्षाचं पुस्तक कुणाचं?



एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी या वाचनालयात चालणारी ही व्याख्यानमाला आहे, म्हणून आज शिकवण्याविषयीच बोलावं असं मी ठरवलं. विषय ऐकायला लहान आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला राज्यशास्त्र शिकवायचं, तर ते कोणत्या पुस्तकातून? आणि ज्या मुलाला पुस्तक विकत घेणं परवडत नाही, त्यानं ते कशातून शिकायचं?

पहिल्या आठवड्यात वर्गात हटकून एक प्रश्न येतो. "सर, गाईड कुठलं घ्यायचं?" विचारणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. संदर्भग्रंथ महाग असतात, ग्रंथालयात त्यांची एखादीच प्रत असते आणि तीही बहुतेक वेळा इंग्रजीत. मुलगा सकाळी एस.टी.नं येतो, दुपारी कुठेतरी कामाला जातो. त्याला परवडतं आणि वेळेवर मिळतं ते गाईडच. त्यात काय असतं हे आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. राज्यशास्त्राच्या व्याख्या: गार्नर काय म्हणतो, ब्लंटश्ली काय म्हणतो, गेटेल काय म्हणतो. मग राज्याचे चार घटक. मग लोकशाहीचे गुण आणि लोकशाहीचे दोष, दोन्ही साधारण सारख्याच संख्येनं. मुलं ते पाठ करतात, पेपरात उतरवतात, पास होतात. आणि तीन वर्षं राज्यशास्त्र शिकून बाहेर पडलेल्या पदवीधरानं संविधानाचं एकही कलम मुळातून वाचलेलं नसतं. हे मला सहन होत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. आपल्या विषयाचा जो खरा ऐवज आहे, तो कुठल्याही प्रकाशकाच्या मालकीचा नाही. संविधान, संविधान सभेतल्या चर्चा, न्यायालयांचे निकाल, संसदेचं कामकाज, निवडणुकीचे आकडे, ग्रामपंचायतीचा जमाखर्च. हे सगळं जनतेच्या नावानं आणि जनतेच्या पैशानं तयार झालेलं आहे. ते जनतेच्या मुलांसमोर विनामूल्य ठेवता येतं, आणि तसं ठेवलं की मुलांचे पैसे तर वाचतातच, शिकवण्याची पद्धतही बदलते.

कशी बदलते, ते एका तासाच्या उदाहरणानं सांगतो.

संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ ला पहिल्यांदा भरली. १३ तारखेला पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. १६ तारखेला आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर उठले आणि त्यांनी दुरुस्ती सुचवली. मुस्लिम लीगचे सभासद आलेले नाहीत, संस्थानांचे प्रतिनिधी आलेले नाहीत; ते येईपर्यंत हा ठराव थांबवा. सभागृहाला ते रुचलं नाही. दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बोलायला सांगितलं. आपल्याआधी वीस-बावीस नावं आहेत, आज आपला क्रम येईल असं वाटलं नव्हतं, तयारीला वेळ हवा होता, असं बाबासाहेब सुरुवातीलाच सांगतात. आणि मग ते बोलतात. ठरावात हक्क आहेत, पण हक्क मोडले तर दाद कशी मागायची हे नाही, ही त्यांची टीका. आज देश परस्परविरोधी गटांत विभागलेला आहे, अशाच एका गटाचा आपण स्वतःही नेता असू, हे ते मान्य करतात. तरीही वेळ आणि परिस्थिती मिळाली तर हा देश एक झाल्यावाचून राहणार नाही, हा विश्वासही व्यक्त करतात. आणि शेवटी जयकरांच्या मुद्द्यावर येतात: ठराव मंजूर करण्याचा अधिकार सभेला आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा, तो आज मंजूर करणं शहाणपणाचं आहे का ते पाहा.

वर्गाचे तीन गट करायचे. एका गटाच्या हातात नेहरूंचा ठराव, दुसऱ्याच्या हातात जयकरांची दुरुस्ती, तिसऱ्याच्या हातात बाबासाहेबांचं भाषण. छापून पानं किती? प्रत्येक गटाला थोडीच. खर्च झेरॉक्सपुरता. मग मुलं प्रश्न विचारू लागतात, आणि ते प्रश्न कुठल्याच प्रश्नसंचात नसतात. बाबासाहेब तर काँग्रेसचे कडवे टीकाकार, मग काँग्रेसचं बहुमत असलेली ही सभा त्यांचं इतकं मन लावून का ऐकते? जयकर काँग्रेसच्या मदतीनं निवडून आले होते, तरी काँग्रेसच्या ठरावाला आडवे कसे गेले? आणि एक मुलगी विचारते, "सर, बाबासाहेब सभेत बंगालमधून का निवडून आले? मुंबईतून का नाही?"

या एका प्रश्नावर दोन तास जातात, आणि जाऊ द्यावेत. मुंबई प्रांतात त्यांच्यामागे पुरेशी मतं नव्हती. बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांचे सहकारी बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे फाळणीनं बंगालची ती जागा गेली. तेव्हा ३० जून १९४७ ला राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिलं, की डॉक्टरांना मुंबईतून ताबडतोब निवडून पाठवा. आणि जागा रिकामी कुणाची झाली होती? जयकरांची. त्यांनी राजीनामा दिला होता. ज्या जयकरांच्या दुरुस्तीला बाबासाहेबांनी १७ डिसेंबरला आधार दिला, त्याच जयकरांच्या जागेवर ते संविधान सभेत परत आले. प्रतिनिधित्व, अप्रत्यक्ष निवडणूक, पक्षाचं बहुमत, विरोधकाचं स्थान, फाळणी: पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातली निम्मी प्रकरणं या एका हकिगतीतून उलगडतात. आणि तो ठराव? तो थांबला. २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. शहाणपणाचा मुद्दा सभागृहानं ऐकला, हे मुलांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मी मुद्दाम या तासावर रेंगाळलो. कारण विनामूल्य साहित्य म्हटलं की लोकांना वाटतं, महागडं पुस्तक परवडत नाही म्हणून केलेली तडजोड. माझा अनुभव सांगतो की हे साहित्य गाईडपेक्षा सरस आहे. ते विनामूल्य नसतं, तरी मी हेच शिकवलं असतं.

आणि हे फक्त संविधान सभेपुरतं नाही. बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ मध्ये स्वतःच्या खर्चानं छापलं. ज्या परिषदेसाठी ते भाषण म्हणून लिहिलं होतं, ती लाहोरच्या आयोजक मंडळानं रद्द केल्यामुळे ते भाषण झालंच नव्हतं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. १८ जानेवारी १९४३ ला पुण्याच्या गोखले स्मारक मंदिरात त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांवर व्याख्यान दिलं, तेही स्मृतीनिमित्तच, आणि तेही पुढे छापलं गेलं. महाराष्ट्र शासनानं १४ एप्रिल १९७९ ला बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला, त्यात या दोन्ही गोष्टी आहेत. वसंत मून यांनी त्या कामाला आयुष्य दिलं. आज ते खंड महाजालावर सर्वांसाठी खुले आहेत. व्यक्तिपूजेचा धोका शिकवायचा असेल तर रानड्यांवरचं ते व्याख्यान पहिल्या वर्षाला लावा. यापेक्षा चांगलं पाठ्यपुस्तक मला माहीत नाही.

आता कायद्याकडे येतो. कारण प्राध्यापकमंडळी विचारतात, "हे सगळं छापून वाटलं तर कॉपीराइटचं काय?"

भीती अनाठायी नाही. २०१२ मध्ये तीन मोठ्या विदेशी प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर दावा लावला होता. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं ते दुकान. प्राध्यापकांनी नेमलेल्या प्रकरणांचे संच तिथे झेरॉक्स करून मिळत. ज्या लेखकांची प्रकरणं त्या संचांत होती, त्यांतल्या काहींनीच प्रकाशकांना दावा मागे घेण्याची विनंती केली. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठानंही शिक्षणाच्या ओघात केलेल्या प्रतींच्या बाजूनं कौल दिला, मात्र साहित्य खरोखर शिकवण्यासाठी लागणारं आहे का हे तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. आधार होता कॉपीराइट अधिनियम १९५७ मधल्या कलम ५२ चा. शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत त्या कलमाखाली हक्कभंग ठरत नाही. हे कलम प्रत्येक महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये लावून ठेवायला हवं.

पण शिकवण्याच्या ओघातली ही सवलत महागड्या पुस्तकांसाठी. मी ज्या ऐवजाविषयी बोलतो आहे, त्याला तिची गरजही पडत नाही. न्यायालयाचा निकाल, न्यायालयानं मनाई केली नसेल तर, कुणीही छापू शकतो. विधिमंडळाचा अधिनियम स्वतःच्या भाष्यासह छापता येतो. सरकारी प्रकाशनावरचा हक्क साठ वर्षांनी संपतो, म्हणजे संविधान सभेच्या चर्चांवरचा केव्हाच संपला. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन २०१७ च्या पहिल्या दिवसापासून सर्वांचं झालं. ते छापा, वाटा, भाषांतर करा, त्यावर टिपा लिहा, नकाशे जोडा. कुणाची परवानगी मागायला नको.

इथे एक फरक ध्यानात घ्या, श्रोतेहो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एखादं पुस्तक विनामूल्य वाचता येणं वेगळं, आणि ते बदलून आपल्या वर्गाजोगं करता येणं वेगळं.

अमेरिकेत टेक्सासमधल्या राइस विद्यापीठात ओपनस्टॅक्स नावाचा उपक्रम आहे. त्यांनी २०२२ मध्ये राज्यशास्त्राचं प्राथमिक पाठ्यपुस्तक काढलं. वाचायला तर विनामूल्य आहेच, शिवाय मूळ लेखकांचा उल्लेख करून ते कुणीही भाषांतरित करावं, बदलावं, छापावं असा त्याचा परवाना आहे. त्यातली उदाहरणं बरीचशी अमेरिकेतली. हितसंबंधी गटांचं प्रकरण घ्या. सैद्धांतिक भाग ठेवा, तिथली उदाहरणं काढा आणि शरद जोशींची शेतकरी संघटना घाला, साखर कारखान्यांचा संघ घाला, गिरणी कामगारांचा १९८२ चा संप घाला. परवाना हे करू देतो. मग आपण का करत नाही?

याउलट एनसीईआरटीचं बघा. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर नववी ते बारावीची राज्यशास्त्राची जी पुस्तकं आली, त्यांचे मुख्य सल्लागार होते पुणे विद्यापीठाचे प्रा. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव. माझ्या मते भारतात या विषयावर शाळेसाठी इतकी चांगली पुस्तकं त्याआधी झाली नव्हती. व्यंगचित्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं, मुलांनी विचारावेत तसे प्रश्न. आजवर हजारो शिक्षकांनी ती महाजालावरून उतरवून घेतली आहेत, मीही घेतली. पण मे २०१२ मध्ये त्यांतल्या एका पुस्तकात घेतलेल्या, बाबासाहेबांचं चित्रण असलेल्या शंकर यांच्या १९४९ सालच्या व्यंगचित्रावरून संसदेत वादळ झालं, दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले, पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या खोलीची मोडतोड झाली. व्यंगचित्रानं मनं दुखावली असतील, त्या दुखण्याला आवाज असायलाच हवा, आणि तो वर्गात असायला हवा. खोली फोडून तो वर्गातून हद्दपार होतो. पुढे २०२२ च्या कपातीत बारावीच्या पुस्तकातलं जनआंदोलनांचं प्रकरण गेलं. त्याच प्रकरणात दलित पँथर होती. १९७२ मध्ये मुंबईत उभी राहिलेली, आपल्या भाषेला आणि राजकारणाला हलवून सोडणारी संघटना पुस्तकाबाहेर गेली. २०२३ मध्ये पळशीकर आणि यादव यांनी आपली नावं त्या पुस्तकांतून काढून टाकण्याची मागणी केली.

मला यातून दिसतं ते असं. पुस्तक एकच असेल, त्याची मालकी एकाच संस्थेकडे असेल आणि कुणालाच ते बदलून छापण्याची मुभा नसेल, तर एका निर्णयानं देशभरच्या वर्गांतून एक प्रकरण नाहीसं होतं. खुल्या परवान्याचं पुस्तक असतं, तर ज्या महाविद्यालयाला ते प्रकरण हवं आहे त्यानं ते ठेवलं असतं, ज्याला त्यावर टीका करायची आहे त्यानं टीकेसह ठेवलं असतं. लोकशाही शिकवणाऱ्या पुस्तकाची रचनाही लोकशाहीला साजेशी हवी, असं मी मानतो.

आणि आता मराठी. एनसीईआरटीची ही पुस्तकं इंग्रजी, हिंदी, उर्दूत आहेत. मराठीत नाहीत. संविधान सभेच्या चर्चा इंग्रजीत सहज मिळतात. मराठीत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला विश्वकोश आहे, आता संपूर्णपणे खुला आहे, त्यातल्या राज्यशास्त्राच्या नोंदी पहिल्या वर्षासाठी उत्तम आहेत. भाषा संचालनालयाचा राज्यशास्त्र परिभाषा कोश आहे. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं कुणालाही उतरवून घेता येतात. सर्वोच्च न्यायालय निवडक निकाल मराठीतही देऊ लागलं आहे. म्हणजे पाया आहे. पण मराठीतल्या कितीतरी जुन्या फाइल पानांची नुसती छायाचित्रं आहेत, किंवा युनिकोडच्या आधीच्या अक्षरसंचांत बांधलेल्या आहेत. त्यांत शब्द शोधता येत नाही, उतारा उचलता येत नाही. आणि आमच्या वर्गातली अंध मुलं जे पडदावाचक सॉफ्टवेअर वापरतात, त्याला त्या पानावर काहीच दिसत नाही. फाइल विनामूल्य आहे, पण या मुलांसाठी ती बंद आहे. युनिकोडमध्ये नव्यानं टंकलिखित करणं हे कंटाळवाणं काम आहे, त्याला कुणी हार घालत नाही, पण माझ्या यादीत ते पहिलं आहे.

प्रकाशकांविषयी एक शब्द बोलायलाच हवा, कारण सभागृहात काही प्रकाशक बसले आहेत आणि त्यांचा मला आदर आहे. मराठी पुस्तक छापणं हा फायद्याचा धंदा नाही, हे मी जाणतो. संशोधनाचा ग्रंथ, चरित्र, वैचारिक लेखन हे लेखक-प्रकाशकांचं क्षेत्र आहे आणि ते विकतच घ्यावं. पहिल्या वर्षाचं पायाभूत पुस्तक मात्र दरवर्षी हजारो मुलांना लागतं, आणि त्यातला मजकूर मुळात सर्वांचा आहे. ते लिहिण्यासाठी शिक्षकाला वेळ, मानधन आणि बढतीच्या गुणांत मोल मिळायला हवं. विद्यापीठं शोधनिबंध मोजतात. एखाद्यानं शंभर पानांचं खुलं पाठ्यपुस्तक मराठीत केलं, तर त्याला काय मिळतं? हा प्रश्न मी विद्यापीठांना जाहीरपणे विचारतो.

आणि परीक्षा? पेपरात "वैशिष्ट्ये लिहा" असं असेल, तर मुलगा गाईडच वाचणार, आणि त्यात तो शहाणाच आहे. संविधान सभेतला उतारा देऊन "या वक्त्याला कोणती भीती वाटते?" असं विचारा, मग बघा. निदान अंतर्गत मूल्यमापन तरी आपल्या हातात आहे.

त्यासाठी एक प्रकल्प सुचवतो. निवडणूक आयोग प्रत्येक मतदारसंघाचा मतदान केंद्रनिहाय निकाल प्रसिद्ध करतो, नमुना २०, ज्याला आपण फॉर्म ट्वेंटी म्हणतो. विद्यार्थ्याला सांगा, तुझ्या गावचं केंद्र शोध, शेजारच्या गावचं शोध, दोन्हींची तुलना कर. मतदान किती, कुणाला किती, मागच्या वेळी किती. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं काढ. संपत्ती, शिक्षण, गुन्हे हे जाहीर करणं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे बंधनकारक झालं, २००३ चा निकाल वाच. मुलं यात रात्र जागवतात. आणि मग कुणीतरी उठून म्हणतं, "सर, आमच्या वस्तीनं कुणाला मत दिलं हे यातून सगळ्यांना कळतं की. मग मतदान गुप्त कसं?"

हा प्रश्न पहिल्या वर्षाचा विद्यार्थी विचारतो! निवडणूक आयोगानं २००८ मध्ये टोटलायझर यंत्राचा प्रस्ताव मांडला तो याच कारणासाठी: अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजावीत, म्हणजे कुठल्या वस्तीनं काय केलं ते दिसणार नाही. विधी आयोगानंही २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. माहिती सर्वांना खुली असावी हे तत्त्व, आणि दुबळ्या वस्तीला सूडापासून वाचवावं हेही तत्त्व. दोन्ही खरी. त्यांची टक्कर कशी सोडवायची, यावर वर्गात दोन बाजू पडतात, आणि दोन्ही बाजूंकडे स्वतः काढलेले आकडे असतात. मी मानतो की वस्तीचं संरक्षण आधी यायला हवं. माझे अनेक विद्यार्थी हे मानत नाहीत, आणि ते नेटानं वाद घालतात.

शेवटी या वाचनालयाकडे माझं एक मागणं आहे. मोबाइलच्या पडद्यावर लांब भाषण वाचवत नाही, कागद लागतो. इथे एक कपाट पहिल्या वर्षाच्या राज्यशास्त्रासाठी द्या. संविधानाचा मराठी पाठ, बाबासाहेबांच्या खंडांतले निवडक भाग, आपल्या मतदारसंघाचे निकाल, आपल्या ग्रामपंचायतींची अंदाजपत्रकं. छापील, बांधलेले, घरी नेता येतील असे. आणि येत्या मे महिन्यात तालुक्यातल्या महाविद्यालयांचे प्राध्यापक, निवृत्त शिक्षक, वकील मंडळी इथे बसून संविधान सभेतली निवडक भाषणं मराठीत आणू. उद्दिष्टांच्या ठरावावरची जयकर आणि बाबासाहेबांची भाषणं, १९ डिसेंबर १९४६ ची जयपाल सिंग आणि दाक्षायणी वेलायुधन यांची भाषणं, ४ नोव्हेंबर १९४८ आणि २५ नोव्हेंबर १९४९ ची बाबासाहेबांची दोन भाषणं, २९ नोव्हेंबर १९४८ ला अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर झालं त्या दिवसाचं कामकाज, आणि सरनाम्यात ईश्वराचं नाव असावं म्हणून हरी विष्णू कामथ यांनी १७ ऑक्टोबर १९४९ ला घातलेला वाद. परवाना खुला ठेवू, म्हणजे नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या शिक्षकाला ते आपल्या पद्धतीनं वापरता येईल. फाइल युनिकोडमध्ये असेल.

जयकरांचं भाषण मी घेतलं आहे. बाकीची कोण घेणार, त्यासाठी बाहेर दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. जाताना नाव आणि भाषणाची तारीख लिहून जा.